शेवट आधीच ठाऊक असलेलं पुस्तक : सुझन कॉलिन्सचं ‘सनराइज ऑन द रीपिंग’

नाशिकमधल्या एका जुन्या वाचनालयात बालकुमार विभाग माझ्याकडे आहे. वर्गणीदार बहुतेक मराठी कादंबऱ्या आणि दिवाळी अंक नेणारे, पण त्यांची मुलं इंग्रजी माध्यमातली. आठवी ओलांडली की मूल मराठी बालविभागात थांबत नाही, सरळ इंग्रजी कपाटाशी जाऊन उभं राहतं. त्या कपाटाचा एक अख्खा खण काळ्या-करड्या मुखपृष्ठांनी भरलेला आहे. उद्ध्वस्त शहर, पाठमोरी मुलगी आणि मधोमध एखादं चमकणारं चिन्ह. जुलमी राजवटीत सापडलेल्या किशोरवयीन मुलामुलींच्या या कादंबऱ्या. २०१२ साली ‘द हंगर गेम्स’चा सिनेमा आला तेव्हा या खणातल्या पुस्तकांसाठी मुलं नंबर लावायची. आता त्यातली बरीचशी जागची हलत नाहीत, आणि किलोवर पुस्तकं विकणाऱ्या प्रदर्शनात गेलं की तीच मुखपृष्ठं ढिगाने पडलेली दिसतात.

त्यामुळे १८ मार्च २०२५ला कॉलिन्सची नवी कादंबरी आली, तेव्हा ती घ्यावी का यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. नववीतल्या एका मुलीने मागणीच्या वहीत नाव लिहून ठेवलं होतं. तिच्या मैत्रिणीने माझ्यासमोरच तिला विचारलं, “परत तेच ना गं?”

प्रश्न रास्त आहे. हे परीक्षण म्हणजे त्याच प्रश्नाला दिलेलं उत्तर. त्यासाठी जुन्या तीन पुस्तकांमधलं आणि नव्या पुस्तकाच्या पूर्वार्धातलं काही इथे उघड करावं लागणार आहे. ज्यांना काहीच ठाऊक नको असेल त्यांनी इथेच थांबावं.

‘तेच’ म्हणजे काय, ते आधी सांगते. ‘द हंगर गेम्स’ २००८चं, त्यानंतर २००९मध्ये ‘कॅचिंग फायर’ आणि २०१०मध्ये ‘मॉकिंगजे’. अमेरिकेच्या अवशेषांवर उभा राहिलेला पॅनेम नावाचा देश, मधोमध श्रीमंत कॅपिटॉल आणि भोवती राबणारे बारा जिल्हे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयातला एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठ्या टाकून उचलायची, त्यांना रिंगणात सोडायचं, एकच उरेपर्यंत एकमेकांना मारायला लावायचं आणि हे सगळं देशभर टीव्हीवर दाखवायचं. ही कल्पना कशी सुचली ते कॉलिन्सने अनेकदा सांगितलं आहे. रात्री टीव्हीचे चॅनल बदलताना एकीकडे रिॲलिटी शो चालू होता, दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत गेली. थीसियसच्या ग्रीक कथेत अथेन्सची मुलं मिनोटॉरपुढे पाठवली जातात, तीही तिच्या डोक्यात होती. वडील व्हिएतनाम युद्धात लढलेले, आणि स्वतः तिने बरीच वर्षं मुलांच्या टीव्ही मालिका लिहिलेल्या. कॅमेरा कुठे ठेवतात आणि कात्री कुठे चालते, हे तिला धंद्यातून माहीत आहे.

मग अनुकरणांची लाट आली. एका मालिकेत प्रेम हा आजार ठरवून त्यावर शस्त्रक्रिया करतात, दुसरीत सरकारच जोडीदार निवडून देतं, तिसरीत सगळे जण पाच गटांत वाटलेले. प्रत्येक ठिकाणी राजवटीचा नियम तेवढा बदललेला, बाकी सगळं एकच. सोळा वर्षांची मुलगी, तिच्यात काहीतरी असामान्य आहे पण तिला ते ठाऊक नाही. दोन मुलगे, त्यातला कोणता हे तिसऱ्या भागापर्यंत लांबवायचं. पहिल्या भागात पलायन, दुसऱ्यात बंडखोरांशी गाठ, तिसऱ्यात क्रांती. पाच गटांच्या ‘डायव्हर्जंट’चं काय झालं ते तर सगळ्यांसमोर आहे. शेवटच्या पुस्तकाचे दोन सिनेमे करायचे ठरले, २०१६मध्ये त्यातला पहिला पडला आणि दुसरा कधी निघालाच नाही. पडद्यावर ती मालिका शेवटाविनाच राहिली.

मुलांना अंधाराचा कंटाळा आला, असं पालक म्हणतात. मला ते पटत नाही. हीच मुलं युद्धाच्या, रोगराईच्या, गुन्ह्यांच्या गोष्टी रात्री जागून वाचतात. त्यांना कंटाळा आलाय तो त्या असामान्य मुलीचा. जी जन्मतःच वेगळी आहे ती जिंकणारच, आणि ती जिंकणार म्हटलं की राजवट नाटकाच्या मागच्या पडद्यापुरती उरते. ती चालते कशी, तिचे पगार कोण घेतं, टाळ्या कोण वाजवतं, कोण गप्प बसतं, यात त्या लेखकांना रसच नव्हता. कॉलिन्सला पहिल्या पुस्तकापासून रस होता तो त्यातच. तिच्या कथेतली तीन बोटांची खूण थायलंडमध्ये २०१४च्या लष्करी उठावानंतर निदर्शकांनी रस्त्यावर आणली, २०२१मध्ये म्यानमारमध्येही तीच दिसली. नुसत्या देखाव्यातून असं काही बाहेर येत नसतं.

आता नवं पुस्तक. ‘सनराइज ऑन द रीपिंग’ ही हेमिच ॲबरनॅथीची गोष्ट आहे. पहिली तीन पुस्तकं वाचलेल्यांना तो आठवत असेल : नायिका कॅटनिसचा दारूत बुडालेला, तिरकस बोलणारा मार्गदर्शक. तो पन्नासावे खेळ जिंकला होता, म्हणजे कॅटनिसच्या चोवीस वर्षं आधी. त्या वर्षी पन्नाशी साजरी करायची म्हणून प्रत्येक जिल्ह्यातून दुप्पट मुलं उचलली होती. अठ्ठेचाळीस मुलं आत गेली, एक बाहेर आला. हे सगळं २००९मध्येच सांगून झालेलं आहे. ‘कॅचिंग फायर’मध्ये कॅटनिस आणि तिचा सोबती पीटा त्या खेळाची जुनी टेप पाहतात. हेमिच कसा जिंकला, कोणत्या युक्तीने जिंकला, त्याच्याबरोबरची मेसिली कशी मेली, सगळं त्यात येतं. जिंकल्यावर दोन आठवड्यांत त्याची आई, धाकटा भाऊ आणि प्रेयसी मारले गेले, हे ‘मॉकिंगजे’त कळतं.

म्हणजे उत्सुकतेला जागाच नाही. कोण जगणार ठाऊक, कोण मरणार ठाऊक, क्रांती होणार नाही हेही ठाऊक. या प्रकारातला वाचक ज्या एका गोष्टीच्या ओढीने पान उलटतो ती लेखिकेने आधीच काढून टाकली आहे. आणि मला वाटतं, पुस्तक तगलं ते त्यामुळेच. जिंकणार का, हा प्रश्न संपला की वाचक दुसरीकडे बघायला लागतो.

अगदी सुरुवातीलाच बघा. चिठ्ठ्या काढण्याचा, म्हणजे ‘रीपिंग’चा दिवस, हेमिचचा सोळावा वाढदिवस. ज्या मुलाचं नाव निघतं तो पळायला लागतो आणि सैनिक त्याला गोळी घालतात. चौकात गोंधळ उडतो. त्या गोंधळात हेमिच आपल्या मैत्रिणीला, लेनोर डव्हला, वाचवायला मध्ये पडतो आणि मेलेल्या मुलाच्या जागी त्यालाच उभं केलं जातं. प्रक्षेपण थेट नसून काही मिनिटं मागे आहे, त्यामुळे दुरुस्तीला वेळ मिळतो. लोकांना पुन्हा जागेवर उभं करतात, नावं पुकारणारी कॅपिटॉलची बाई पुन्हा मंचावर येते, हेमिचचं नाव चिठ्ठीतूनच निघाल्यासारखं पुकारते. देशाने पाहिलं ते एवढंच. पळालेला मुलगा नाही, गोळी नाही, आरडाओरड नाही.

मी तिथे थांबले आणि उठून ‘कॅचिंग फायर’ काढलं. त्यात टेपवर चिठ्ठ्यांचा तो प्रसंग आहे आणि हेमिचचं नाव पुकारलं जातं. बस्स. म्हणजे २००९पासून आपण वाचक जे खरं मानून चाललो होतो ती कॅपिटॉलने कापलेली चित्रफीत होती. कॅटनिस फसली तसे आपणही फसलो, सोळा वर्षं. जुन्या पुस्तकातली एक ओळही न बदलता कॉलिन्सने त्याचा अर्थ फिरवला. पूर्वकथा लिहिणारे पुष्कळ असतात, त्यातले बहुतेक रिकाम्या जागा भरत बसतात. इथे भरलेली जागाच खोटी निघाली आहे.

त्यानंतर पानापानाला तेच होत राहतं. निरोप घ्यायची वेळ येते तेव्हा कॅपिटॉलसाठी चित्रीकरण करणारा प्लूटार्क हेवन्सबी कॅमेरा घेऊन हजर असतो, त्याला घरच्यांचे अश्रू हवे असतात. पुढे मिरवणुकीत घोडे उधळतात आणि हेमिचबरोबरची तेरा वर्षांची लूएला मरते. त्याच्या शेजारची, लहानपणापासूनची. तिचं प्रेत उचलून तो थेट राष्ट्राध्यक्ष स्नोपुढे नेऊन ठेवतो. यातलंही काही पडद्यावर जात नाही. कॅपिटॉल लूएलासारखी दिसणारी दुसरी मुलगी आणतं, औषधं देऊन गुंगवलेली, आणि तिला लूएला म्हणून पुढे उभी करतं. ते प्रकरण वाचून मी पुस्तक मिटलं आणि त्या रात्री पुढे वाचू शकले नाही. मारण्याचं वर्णन या प्रकारात भरपूर असतं. इथे मृत्यू झालाच नाही असं ठरवलं जातं, आणि ते वाचणं मारण्याहून कठीण गेलं. त्याच लूएलाला हेमिच लाडाने ‘स्वीटहार्ट’ म्हणायचा. पुढे चोवीस वर्षांनी तो कॅटनिसला खोचकपणे तेच म्हणतो. ते ध्यानात ठेवून पहिलं पुस्तक पुन्हा वाचा, त्यातला प्रत्येक संवाद वेगळा ऐकू येतो.

पुस्तकाच्या आरंभी दिलेल्या अवतरणांत स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम आहे. उद्या सूर्य उगवणार नाही, या विधानात तर्कदृष्ट्या काहीच विसंगत नाही, असं त्याचं प्रसिद्ध म्हणणं. आजवर उगवला म्हणून उद्या उगवेलच असं सिद्ध होत नाही. शीर्षकातला सूर्योदय तिथून येतो. लेनोर डव्ह कथेत याच मुद्द्यावर हेमिचशी वाद घालते. दरवर्षी चिठ्ठ्या निघतात म्हणून पुढच्या वर्षीही निघणारच, हे तो धरून चालतो, आणि तिला तेच मान्य नाही. आजवर चालत आलं म्हणून पुढेही चालणार, असं प्रजेने मनात धरलं की राजवटीचं निम्मं काम झालं. मला हा सगळ्या मालिकेचा गाभा वाटतो, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना तो इतक्या सोप्या भांडणातून समजावणारी लेखिका दुसरी माहीत नाही. मोजकी माणसं पुष्कळांवर इतक्या सहज राज्य कशी करतात, हा ह्यूमचाच दुसरा प्रश्नही त्या अवतरणांत आहे. कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही, असं आपण म्हणतो. पॅनेममध्ये कोंबडं झाकण्याचं एक अख्खं खातं आहे, त्यात हुशार आणि सभ्य माणसं नोकरीला आहेत, आणि त्या झाकणाखाली पंचवीस वर्षं काढता येतात, हे कॉलिन्स दाखवते.

“परत तेच ना?” हा प्रश्नही त्याच तर्काने विचारलेला आहे. मागची पंधरा पुस्तकं एकसारखी निघाली म्हणून सोळावंही तसंच निघणार. वाचक म्हणून हा थकवा खरा आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. वेळ थोडा असतो, मुलांचा तर क्लासमुळे फारच थोडा. पण थकवा प्रकाराचा आहे की नकलांचा, हे तपासायला हवं. या कादंबरीच्या पहिल्याच आठवड्यात इंग्रजी वाचणाऱ्या देशांत मिळून पंधरा लाख प्रती खपल्या. त्यावरून हा प्रकार पुन्हा बहरला असं मी म्हणणार नाही. आमच्या खणातली बाकीची पुस्तकं अजून तिथेच आहेत. मागणी एका लेखिकेला आहे, आणि ती दर वर्षाला एक पुस्तक काढत नाही. ‘मॉकिंगजे’नंतर दहा वर्षं थांबून तिने २०२०मध्ये तरुण स्नोची कथा लिहिली, त्यानंतर पाच वर्षांनी ही. सांगण्यासारखं काही हाती लागेपर्यंत गप्प राहण्याचा संयम तिच्याकडे आहे.

पात्रांमध्ये मला सगळ्यात आवडली मेसिली डॉनर. मिठाईच्या दुकानवाल्यांची, जिभेने तिखट, गळ्यात दागिने घालून मिरवणारी आणि खाणकामगारांच्या मुलांना तुच्छ लेखणारी. अशा मुलीला इतर मालिकांमध्ये खलनायिका करतात आणि दुसऱ्या भागात मारून टाकतात. इथे तिचा तोरा हेच तिचं बळ ठरतं. कॅपिटॉलची बाई तिला थोबाडीत मारते तेव्हा ती उलट मारते. आपण माणसं आहोत आणि आपल्याला तसंच वागवलं पाहिजे, हे ती शेवटपर्यंत सोडत नाही. हेमिच आणि तिच्यात प्रेमाबिमाचं काही नाही, हळूहळू बहीणभावाचं नातं होतं. तिचं मरण ‘कॅचिंग फायर’मध्ये वाचलेलं असूनही मला ते पान उलटवेना.

वायट कॅलो हा हेमिचच्याच, बाराव्या जिल्ह्याचा दुसरा मुलगा. त्याचं घर सट्ट्यावर चालतं. कोणाची मुलं चिठ्ठीत निघणार, कोण किती टिकणार, यावर पैजा घेणारं घर. त्याच घरातला मुलगा उचलला जातो, आणि शक्यता मोजण्याचं त्याचं कौशल्य बाकीच्यांच्या कामी येतं. जुलमातून पैसा काढणारे लोक पीडितांतही असतात, हे सांगायला लेखिका कचरत नाही. एवढं पात्र रंगवायला तिला फार जागाही लागत नाही.

तक्रारी आहेत, आणि त्या लहान नाहीत. पहिली योगायोगांची. ‘कॅचिंग फायर’ आणि ‘मॉकिंगजे’मधल्या इतक्या ओळखीच्या व्यक्ती या एकाच वर्षी हेमिचला भेटतात की देश एका वाड्याएवढा वाटायला लागतो. बीटी, मॅग्ज, वायरेस, प्लूटार्क, एफी, शिवाय कॅटनिसचे वडील त्याचे जिवलग मित्र. बीटी कथेला हवाच आहे, मॅग्जही. एफीची मात्र काहीच गरज नव्हती. जुन्या वाचकांना खूश करण्यासाठी तिला आणल्यासारखं वाटतं, आणि लेखिकेची शिस्त तेवढ्यापुरती सुटते.

दुसरी तक्रार कवितेची. लेनोर डव्हचं नाव एडगर ॲलन पोच्या १८४५च्या ‘द रेव्हन’ या कवितेवरून ठेवलेलं आहे, आणि शेवटाकडे त्या कवितेची कडवी मजकुरात सतत पेरलेली आहेत. ज्या मुलांनी ती कविता शाळेत वाचलेली नाही, म्हणजे आपल्याकडची जवळपास सगळी, त्यांना ऐन दुःखाच्या क्षणी ती अडते. मोठ्या वाचकालाही हेमिचचं स्वतःचं बोलणं हवं असतं, तेव्हा पो मध्ये येतो. कविता आधी शोधून एकदा मोठ्याने वाचून घ्यावी, मग तो भाग जड जात नाही.

तिसरी, लेनोर डव्ह स्वतः. हंस पाळणारी, गाणारी, बंडखोर. पण तिचा फार थोडा भाग आपल्याला प्रत्यक्ष दिसतो, बाकी हेमिचच्या आठवणीतून येतो, आणि आठवणीतली माणसं बिनचूक असतात. तिच्याशी अजून एक भांडण हवं होतं. सुरुवातीचं ते एक इतकं चांगलं आहे, म्हणूनच ही तक्रार.

भाषा सोपी आहे. प्रथमपुरुषी, वर्तमानकाळात, लहान वाक्यं. दहावीतलं मूल शब्दकोशाशिवाय वाचेल. हिंसा मात्र आधीच्या पुस्तकांहून जास्त अंगावर येते, बारा वर्षांच्या एका मुलाचं मरण तर फारच. तेरा वर्षांखालच्यांना मी हे देत नाही, आणि त्यापुढच्यांच्या आईवडिलांना सांगते की शक्य असेल तर तुम्हीही वाचा, कारण मुलं मधेच उठून बोलायला येतात.

हे पुस्तक एकटं वाचू नये. प्रकाशकाने ते कथाक्रमात ‘द हंगर गेम्स’च्या आधीचं म्हणून सांगितलं, तरी घटनांच्या क्रमाने वाचलं तर त्याचा सगळा परिणाम जातो. ती कापलेली टेप आधी खरी मानायला हवी. म्हणून क्रम प्रकाशनाचा ठेवा : २००८, २००९, २०१०, मग हे. २०२०चं स्नोचं पुस्तक मध्ये वाचलं तर गाण्यांचे आणि नावांचे काही धागे जुळतात, राहिलं तरी अडत नाही. सिनेमा नोव्हेंबर २०२६मध्ये येणार असं जाहीर झालं आहे. हातात वेळ आहे तोवर पुस्तक आधी वाचून घ्या. कॅमेऱ्याने काय लपवलं हे सांगणारी गोष्ट आधी कॅमेऱ्यातून बघणं मला बरोबर वाटत नाही.

मागणी नोंदवणाऱ्या मुलीने पुस्तक परत आणलं तेव्हा ‘कॅचिंग फायर’ पुन्हा मागून घेतलं. तिला ती टेप परत वाचायची होती. “काकू, मी रील कापते तेव्हा पण हेच करते ना, नको ते काढून टाकते,” असं ती म्हणाली, आणि यावर आम्ही काउंटरवर बराच वेळ बोललो. तिच्या मैत्रिणीचं नावही आता वहीत आहे. आमच्याकडे एकच प्रत आहे, दुसरी मागवायला सांगितली आहे. त्या खणातल्या बाकीच्या मालिकांच्या जादा प्रती काढून जागा करायची ठरवली आहे. प्रत्येक मालिकेचा पहिला भाग ठेवणार, कारण काहींचे पहिले भाग खरंच वाचण्यासारखे आहेत. दुसरे-तिसरे कोणाला हवे असतील तर वाचनालयात येऊन घेऊन जा.